त्या चार मात्रा

सेत्सुए कुवाबारा पियानोला बसली की भलेभले गप्प होत, आणि तोंड उघडलं की पळ काढत. राग कायम नाकावर! चाळीस वर्षांपूर्वी भर मैफलीत ताल विस्कटला, तेव्हा टाळ्या थांबायचीही वाट न बघता तिने आपल्यासोबत बास हे खर्जाचं तंतुवाद्य वाजवणाऱ्या मुनेओवर खापर फोडलं होतं.

"चार मात्रा खाल्ल्यास मेल्या! कान आहेत की भोकं?"

मुनेओ काहीच बोलला नाही. पण गोष्ट पेपरात गेली. त्याला पुन्हा कुणी वाजवायला बोलावलं नाही, आणि तो सेंदाई शहरात बस चालवत राहिला. सेत्सुए मात्र मोठी झाली. देशोदेशी वाजवलं, आणि दर मुलाखतीत हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. त्या मैफलीची तबकडी निघाली; तिने ती एकदाही ऐकली नाही. कशाला ऐकायची? चूक त्याचीच होती.

आज मुनेओला जाऊन एकोणपन्नास दिवस झाले; जपानी रिवाजाप्रमाणे अस्थी पुरायचा दिवस. देवळात त्याची बायको कमरेत वाकून म्हणाली, "तुमच्याबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही हो यांनी." ते वाक्य सेत्सुएच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. खरंच त्याचीच चूक होती ना? स्वतः ऐकल्याशिवाय तिला घरी जाववेना. अस्थी पुरायच्या आधीच ती तिथून निघाली.

स्टेशनाजवळ म्हाताऱ्या ताकिमोतोचं जॅझ ऐकायचं कॉफीघर होतं. तिथे बोलायला बंदी. चिठ्ठी द्यायची, तबकडीची एक बाजू ऐकायची, उठायचं. सेत्सुएने त्या मैफलीच्या तबकडीची चिठ्ठी दिली. ताकिमोतोने ती वाचून चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि दुसरी बाजू लावली.

ती जागा आली. टेबलावर तिची बोटं आपसूक चालत होती, आणि अगं बाई! पियानोच चार मात्रा आधी धावत समेवर येऊन आदळला. मुनेओ क्षणभर अडखळला, मग ताल सोडून त्याने उडी घेतली आणि तिला गाठलं. तिला सावरायला गेला आणि लोकांच्या लेखी तोच पडला.

"माझी चूक होती!" ती ओरडलीच.

दोन गिऱ्हाइकांनी कपाळाला आठ्या घातल्या. ताकिमोतोने ओठांवर बोट ठेवलं. बाजू संपल्यावर तो तिला दाराबाहेर घेऊन आला.

"मुनेओ दर वर्षी यायचा, बाई. हीच बाजू मागायचा. एकदा मी म्हटलं, अरे, चुकली तर ती! सांग की लोकांना."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, 'मीच चुकलो. तुला काय ऐकू आलं ते तुझ्यापाशी ठेव.'"

सेत्सुए तडक देवळाकडे परत गेली. अस्थी पुरून झाल्या होत्या, माणसं पांगली होती. थडग्याच्या ओल्या दगडापुढे तिने गुडघे टेकले आणि रडत म्हणाली, "मुनेओ, मीच खाल्ल्या रे त्या."

मुनेओने उत्तर दिलं नाही. जिवंतपणी तरी कुठे दिलं होतं.