चिकातलं कणीस

शेती संशोधन संस्थेत तिला सगळे पाठीमागे विषकन्या म्हणायचे आणि तिला ते ठाऊक होतं. एकदा नव्या कारकुनाच्या तोंडून ते तिच्यासमोरच निसटलं. तो बिचारा पांढराफटक पडला आणि ही मात्र पोट धरून हसली. नाव काही खोटं नव्हतं. नोकरीची सगळी वर्षं तिने ज्वारीतल्या विषाच्या मागे घालवली होती.

ज्वारीचं रोप कोवळं असताना, किंवा पाण्यावाचून सुकायला लागलं की, त्याच्या पानात एक द्रव्य साठतं. जनावराने पान चावलं की त्यातून सायनाइड सुटतं, आणि भुकेली गाय अशा रानात शिरली तर तोंडातला घास संपायच्या आत कोसळते. "विष तयार नसतं रे," तिने एकदा नवऱ्याला समजावून सांगितलं होतं. "त्याचे दोन भाग वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पान चिरडलं की ते एकत्र येतात."

"म्हणजे आपल्यासारखंच," नवरा म्हणाला. "वेगवेगळ्या खोल्यांत असलो की कसं शांत असतं सगळं." त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून त्याला थट्टेची खोड लागली होती.

हे द्रव्य काढून टाकायचं म्हटलं की रोप रुसायचं. कारण ते नुसतं विष नव्हतं. रोप त्यात नत्र साठवून ठेवायचं, अडचणीच्या दिवसांत मोडून खायचं. द्रव्य बनवणारं जनुक बंद पाडलं की रोप खुजं राहायचं, कणीस धरायचं नाही. बरेच जण हा नाद सोडून गेले. ही चिकटून राहिली. हजारो रोपांची पानं कुटायची, बाटलीत घालायची, वर पिवळ्या कागदाची पट्टी लटकवायची. विष असलं की पट्टी विटकरी लाल होते. वर्षानुवर्षं तिने लाल पट्ट्याच पाहिल्या.

मग एका रोपाची पट्टी पिवळीच राहिली. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. पुन्हा केली, पुन्हा पिवळी. आणि रोप तिच्या खांद्याला लागेल इतकं उंच होतं. त्या रोपात विषाचं जनुक शाबूत होतं, पण ते चालू करणाऱ्या बटणात एक बारीक बदल आपसूक झाला होता: पानात विष बनत नव्हतं, मुळांत मात्र बनत होतं, आणि रोपाचं पोट भरत होतं. त्या संध्याकाळी ती घरी आली आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच रडली. नवऱ्याला वाटलं, कुणी गेलं की काय.

त्या रोपाने मूठभर दाणे दिले. तिने ते सगळे पेरले.

हीच ती चूक. दाणे कधी सगळे पेरायचे नसतात, थोडे मागे ठेवायचे असतात, हे ती स्वतः दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगायची. पण निवृत्ती तोंडावर आली होती. रोपं जास्त असतील तर काम लवकर उरकेल, असा तिने हिशेब केला. निम्मे दाणे उगवलेच नाहीत. जी रोपं आली ती काचघराच्या कोपऱ्यातल्या खोलीत वाढली, फुलली, आणि दाणा चिकात आला. नखाने दाबला तर दूध यावं, असा. आणखी थोडे दिवस मिळाले असते तर दाणा भरून वाळला असता.

नेमका तेव्हाच शेजारच्या खोलीत केवडा रोग निघाला.

शेजारची ज्वारी दुसऱ्या एका सहकाऱ्याची होती. पानांवर पांढुरके पट्टे आणि खाली पिठासारखी बुरशी. त्या सहकाऱ्याने नियमाप्रमाणे वनस्पती आरोग्य खात्याला कळवलं. खात्याचा तपासनीस आला, पानं घेऊन गेला, आणि चार दिवसांनी परत आला तो तोंड पाडून. हा साधा केवडा नव्हता. जी औषधं बाजारात होती, त्यांना तो दाद देत नव्हता. या भागात तो आजवर दिसलेला नव्हता.

"सगळं काचघर रिकामं करायचं," तपासनीस म्हणाला. त्याला सर्दी झाली होती आणि तो बोलताना सारखा रुमाल नाकाशी नेत होता. "झाडं, माती, कुंड्या. उद्या दुपारी सगळं भट्टीत."

"माझ्या खोलीत एक डाग नाही," ती म्हणाली. "हवा वेगळी, पाणी वेगळं. बघा तरी."

"पाहिलं, बाई. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे नाही, असं म्हणता येत नाही. तुम्हाला मी सांगायला नको."

"मग तपासा. नमुने घ्या माझे."

"घेतो. पण निकाल यायला वेळ लागतो, आणि आदेश उद्याचा आहे."

"दाणा पूर्ण वाळला की त्यातून केवडा जात नाही. हे पुस्तकात आहे, तुम्हालाही माहीत आहे. मला फक्त वाळेपर्यंत वेळ द्या. मी स्वतः त्या खोलीत राहते, दार बाहेरून बंद करा हवं तर."

तपासनीसाने तिच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत दया होती आणि त्यामुळे तिला जास्त राग आला.

"आणि तोवर बुरशीची भुकटी वाऱ्यावर उडाली तर?" तो म्हणाला. "वाऱ्याला मी काय सांगू, बाईंचं काम व्हायचंय, जरा थांब म्हणून?"

ती संचालकांकडे गेली. संचालकांनी तिला बसवलं, पाणी दिलं, दार लोटून घेतलं आणि सांगितलं की आपले हात बांधलेले आहेत. ती बोलत राहिली. आवाज चढला, मग फुटला. संचालकांसमोर ती कधी रडली नव्हती. आता रडली आणि त्याचाही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान काढून घ्यायला सगळ्यांना आत सोडलं. आत जाताना अंगरखा, बाहेर येताना तो पिशवीत, हातांवर औषध. तिने आपली मापनयंत्रं उचलली. मग सगळ्यात उंच रोपासमोर ती उभी राहिली. पान कुठेही फिकट नव्हतं. तिने कात्रीने कणीस कापलं, ओल्या रुमालात गुंडाळलं आणि जेवणाच्या डब्यात दाबून बसवलं. तिची झडती कोण घेणार? फाटकावरचा रखवालदार तिला सलाम करून म्हणाला, "वाईट झालं, मॅडम." तिने मान हलवली.

बाकीची रोपं काळ्या पिशव्यांत भरून भट्टीकडे जाताना तिने पाहिली नाहीत. ती घरी निघून आली होती.

कणीस फ्रीजमध्ये ठेवून तिने दिराला फोन लावला.

दीर शहराबाहेर गाई पाळायचा. चांगला दूधधंदा होता, भोवती ज्वारी आणि मका. माणूस गडगडाटी हसणारा. कोरड्या वर्षी दरवेळी एकदोन गाई ज्वारी बाधून जायच्या, म्हणून भेटला की पहिला प्रश्न, "वहिनी, तुमची ती बिनविषारी कधी देताय?" तिने फोनवर एवढंच विचारलं की तुमच्याकडे एखादा बाजूचा तुकडा आहे का, जिथे कुणाची नजर जाणार नाही. तो म्हणाला, "आहे की. विहिरीपलीकडचा. तसाही आज शहरात यायचंच आहे, येतोच."

फोन ठेवला तर दारात नवरा उभा. जेवायला घरी आला होता. त्याने फ्रीज उघडून भाजीच्या कप्प्यात डोकावलं होतं आणि ओला रुमाल त्याच्या हातात होता.

"हे तेच का?"

"हो."

"आणायला परवानगी होती?"

त्याने रुमाल जसाच्या तसा आत ठेवला आणि खुर्ची ओढून बसला.

"कोवळे गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवता येतात," ती घाईघाईने सांगू लागली. "रोपं झाली की मातीत. एक पीक निघालं की सुका दाणा हातात येईल, मग काही भीती नाही. फक्त एकच पीक."

"आणि यात तो रोग असला तर?"

"नाहीये."

"तुला माहीत आहे, की तुला तसं हवंय?"

"तू चष्मे विक!" ती ओरडली. इतक्या वर्षांत असं ती त्याला कधी बोलली नव्हती. तो उठून ओट्याशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून भांडी लावत बसला.

दीर आला तो नेहमीसारखा दार ढकलून, हातात दुधाची किटली. दोघांची तोंडं बघून त्याने आवाज खाली आणला. तिने फ्रीजमधून कणीस काढून त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं, आणि काय झालं ते सांगितलं, केवड्याचा भाग जरा भरभर. त्याने बोटाच्या टोकाने एक दाणा दाबला. दूध आलं.

"म्हणजे हीच ती," तो म्हणाला. "गाईला बाधणार नाही अशी."

"हीच. आता जगात एवढीच उरली आहे."

"मग लावू की. रोपं तुम्ही करून द्या, तुकडा तुमचा. कुणाला सांगायचीही गरज नाही." तो थोडा थांबला. "माझ्या बाकीच्या ज्वारीला यातून काही होणार नाही ना, वहिनी? तुम्ही नाही म्हणालात की झालं. मी पुन्हा विचारणार नाही."

उत्तर तिच्या ओठांवर होतं. एक शब्दाचंच होतं. ते तिने बोलावं म्हणून घर जसं थांबून राहिलं होतं. नवऱ्याच्या हातातलं ताटही वाजायचं थांबलं. तिने दिराच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे कसलीही शंका नव्हती. ती नाही म्हणाली असती, तर पुढे त्याचं सगळं रान पांढरं पडलं असतं, त्याच्या शेजाऱ्याचं पडलं असतं, तरी त्याने तिचं नाव घेतलं नसतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"अंदाजे?"

"अंदाजेसुद्धा नाही. बहुतेक काही नाही होणार. पण झालं तर तुमच्यापाशी थांबणार नाही, आणि त्यावर औषध नाही."

दिराने दाण्याचं दूध बोटावरून पुसलं. मग म्हणाला, "तुम्ही सांगाल तसं. न्यायचं म्हणालात तर अजूनही नेतो." त्याचा हा चांगुलपणा तिला सोसवेना. त्याने भांडण केलं असतं, तर तिने हट्टाने कणीस त्याच्या गळ्यात मारलं असतं.

तिने प्रेशर कुकर काढला. प्रयोगशाळेतल्या जंतू मारणाऱ्या मोठ्या यंत्राचं काम तेच, वाफ आणि दाब. कणीस, रुमाल, डबा, सगळं आत घातलं. झाकण तिला लागेना, तेव्हा नवऱ्याने येऊन लावलं. शिट्ट्या होत राहिल्या. ती ओट्याला टेकून उभी होती आणि पहिल्या शिट्टीला तिच्या तोंडून असा आवाज निघाला की दीर उठून बाहेर गेला.

गार झाल्यावर तिने झाकण काढलं. दाणे उकडून पिवळट पडले होते. ओली ज्वारी शिजल्याचा साधा, चांगला वास आला. तो वास तिला सर्वात वाईट वाटला.

निकाल आला तेव्हा तपासनीसाने स्वतः फोन केला. सर्दी अजून बरी झाली नव्हती.

"तुमच्या खोलीतले नमुने स्वच्छ निघाले, बाई. एकातही नाही. खरं तर कळवायची पद्धत नाही, पण वाटलं, तुम्हाला कळायला हवं."

"बरं झालं कळवलंत," ती म्हणाली, आणि फोन ठेवून टेबलाखाली गेलेलं पेन शोधायला वाकली ती तिथेच फरशीवर बसून राहिली. स्वच्छ. म्हणजे कणीस दिराला देता आलं असतं. चालू राहिलं असतं सगळं. कपाळ टेबलाच्या पायावर टेकवून ती पुन्हापुन्हा स्वतःला विचारत होती, की त्या दिवशी मला हे माहीत होतं का, आणि दरवेळी उत्तर नाही असंच येत होतं, आणि त्याने काडीचाही आराम पडत नव्हता.

नवऱ्याला तिने संध्याकाळी सांगितलं. त्याने तिचा हात हातात घेतला. दिराला सांगायला तिने सांगितलं नाही, पण नवऱ्याने सांगितलं असावं, कारण नंतर तो आला की बिनविषारी ज्वारीची चौकशी करीनासा झाला.

संस्थेच्या शीतपेटीत त्या पहिल्या रोपाच्या पानाची भुकटी होती. बदल नेमका कुठे झाला हे त्यावरून अक्षर न अक्षर माहीत होतं. तोच बदल हाताने दुसऱ्या ज्वारीत करायचा, तर आधी ज्वारीचे कोवळे तुकडे काचेत वाढवावे लागतात, आणि या कामात ज्वारीसारखं हट्टी पीक नाही. संचालकांनी तिला बोलावून घेतलं.

"तुमच्या निवृत्तीच्या आत हे व्हायचं नाही," ते म्हणाले. "बटाट्याच्या साठवणीचं काम आहे, सोपं आहे. सन्मानाने शेवट होईल."

"होणार नाही, ते मलाही कळतं."

"मग?"

"मला हेच येतं," ती म्हणाली. "मी करते. नंतर ज्याला हवं त्याने पुढे न्यावं."

पहिल्या खेपेचे सगळे तुकडे काळे पडून मेले. दुसऱ्या खेपेचेही. तिने त्या बशा कचऱ्यात टाकल्या, हात धुतले, आणि तिसऱ्या खेपेसाठी साध्या ज्वारीची कोवळी कणसं सोलायला बसली. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "काही आशा आहे का, मॅडम?" तिने मान वर न करता सांगितलं, "नाही. सुई दे तेवढी."