थांबलेल्यांची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. सागवानी, वेताच्या बैठकीची. मित्रांनो, तोंडावर सांगते, मला गणितातलं ओ की ठो कळत नाही. पण जन्म गेला विद्यापीठाच्या गणित विभागात, फळ्याशेजारी. माणूस विचार करतोय की नुसता घाम पुसतोय, हे मला त्याच्या बसण्यावरून कळतं.

मला घडवणारा सुतार निगुतीचा. एक खिळा मारला नाही, सगळे सांधे खाचेत बसवले. इथे मला आणलं म्हाताऱ्या सरांनी. त्यांचा रिवाज असा, की मुलांनी एकेकाने फळ्यावर सिद्धता मांडायची. मध्येच कोणी अडलं, की सर म्हणत, "बस जरा." ते पोर माझ्यावर बसे आणि पुन्हा उठेपर्यंत सगळा वर्ग गप्प. सर खिडकीबाहेर बघत उभे. माझ्यावर बसणं हा तेव्हा मान होता.

सर निवृत्त झाले. नवे साहेब आले ते घोड्यावर बसूनच. त्यांनी रिवाज ठेवला, त्यातला जीव तेवढा काढून घेतला. अडलेला माझ्यावर बसला रे बसला, की पुढच्याला हाक. पोरं मला 'ढ खुर्ची' म्हणू लागली. मला! जिच्यावर बसून विद्वान उठले!

त्या वर्गात एक मुलगी होती. सावकाश बोलायची, म्हणून तिचं नाव पाडलं गोगलगाय. वर्षाच्या शेवटी फळ्यावरची परीक्षा आली. तीत पास होईल त्यालाच पुढे गणित घेता येणार होतं. हिच्या आईने तर साऱ्या आळीत सांगून ठेवलेलं, माझी लेक गणितच करणार.

पोरगी छान लिहीत चालली होती. एका ओळीत दोन्ही बाजूंना एकाच अक्षराने भागायचं होतं. तिथे तिचा खडू थांबला.

"बसा बाई," साहेब म्हणाले.

ती बसली. पाठ ताठ. मग हळूच म्हणाली, "सर, पण ते शून्य असलं तर? शून्याने भागता नाही यायचं."

"शंका घरी ठेवून यायच्या. इथे उत्तर लागतं."

वर्ग फिदीफिदी हसला. पुढचा मुलगा उठला. पाठ केलेलं घडाघडा लिहीत त्याने त्याच ओळीवरून घोडं दामटलं. साहेब मान डोलवत राहिले. तो पास झाला.

गोगलगाय तोवर माझ्या हातावर बोटाने लिहीत होती. ते अक्षर शून्य असलं तर काय, तेवढा भाग तिने तिथे पुरा केला, नि मान वर केली. तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं.

तिने दुसरा विषय धरला. आई आता आळीत सांगते म्हणे, तिलाच नको होतं गणित.

माझा वेत फाटलाय. दार आपटू नये म्हणून मला दाराला टेकवून ठेवलंय. मित्रांनो, वेत बदला, नाहीतर बंबात घाला, मी हात जोडायची नाही. एवढंच ऐका. विचारात पडलेलं माणूस आणि काहीच न येणारं माणूस, दोघं दिसायला अगदी सारखी. कोण कसलं ते कळायला थोडं थांबावं लागतं.

तेवढं थांबायला कोणाच्या बापाचं काय जात होतं?