वायर धरणारी

“हलू नकोस म्हटलं ना, बाळे.”

दादाचा आवाज टीव्हीच्या पुढून आला. बाळी मागे होती, भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या फटीत अंग चोरून, चिमटीत व्हिडिओ गेमची वायर दाबून. साठीला आलेली, बाबांच्या मागे त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान एकटीनं चालवणारी बाई. पण भावाच्या घरात पाऊल टाकलं की तिची पुन्हा बाळी व्हायची.

गेम मामांनी परदेशातून आणला होता, दादा शाळेत असताना. इथल्या विजेवर तो जळाला असता, म्हणून बाबांनी त्याला ट्रान्सफॉर्मर बनवला, टीव्हीच्या पोटातही काय काय बदललं. एक खोड मात्र राहिली. वायर तोकडी म्हणून यंत्र टीव्हीच्या मागेच ठेवावं लागे, फक्त बटणांची डबी तिच्या लांब दोरीनं पुढे येई, आणि ती तोकडी वायर खोबणीत सैल बसे. कुणी दाबून धरली तरच चित्र टिके. बाबा सोल्डरिंगचा टाका मारतो म्हणायचे, पण दादा यंत्र हातचं सोडेल तर ना. धरायला बाळी होतीच. साऱ्या सुट्ट्या तिनं टीव्हीच्या पाठीमागे काढल्या. तिला खेळ ऐकू यायचा, दिसायचा नाही. एक बारीक सूर वर वर चढत जायचा, तो तिला पाखरू वाटे. एकदा मला खेळू दे म्हटलं, की दादा म्हणे, आधी नीट धरायला शीक.

निवृत्त झाल्यावर दादाला तो गेम माळ्यावर सापडला. नव्या टीव्हीवर काही उमटेना, तेव्हा कित्येक वर्षांनी बहिणीला फोन गेला. बाबांचा जुना टीव्ही घेऊन ये, म्हणाला. कशी आहेस ते विचारायचं राहिलं.

आल्या आल्या तिनं टाका मारते म्हणून सांगितलं होतं. आधी चालू तर कर, तुझी दुकानदारी नंतर, असं उत्तर मिळालं.

पाखरू पुन्हा चढू लागलं. बाळीचा गुडघा ठणकला. तिनं वायर सोडली.

नुसती खरखर.

“काय केलंस?”

“हात भरून आला. आता तू धर.”

दादा हसला. “आणि खेळणार कोण?”

“मी.”

“तुला येतं तरी का?”

“कुठून येणार?”

दारातून बघत असलेल्या वहिनी लगबगीनं पुढे आल्या. “वन्सं, मी धरते. यांची कंबर...”

“तुम्ही नाही, वहिनी.” बाळी उठली, धूळ झटकली. “नाहीतर टीव्ही उचलते आणि निघते. दुकानातला आहे तो.”

दादाचं तोंड लाल झालं. बाबांनी तुला डोक्यावर चढवून ठेवलं, दुकानही तुझ्याच घशात घातलं, असं बरंच बोलला. तुलाच नको होतं, हात काळे होतात म्हणून, एवढंच ती म्हणाली. मग तो भिंतीला धरून, कण्हत, पुटपुटत त्या फटीत शिरला.

चित्र स्थिरावलं. काळ्या पडद्यावर चार रेघा होत्या आणि तळाशी एक पांढरा चौकोन. तिनं डबी उचलून बटण दाबलं. चौकोन एक रेघ चढला आणि तोच सूर वाजला. पाखरू बिखरू काही नव्हतं.

तिनं पुन्हा दाबलं. दुसऱ्या रेघेवरून चौकोन घसरला, तळाला गेला.

“झालं का?” मागून घुसमटलेला आवाज आला. “काय दिसतंय?”

बाळीनं अंगठा पुन्हा बटणावर ठेवला.

“हलू नकोस, दादा,” ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून चढायला लागली.