एकदम अ‍ॅडजस्टिंग

लेक खांदेश्वरला दिली तर शालनचा फायदाच फायदा होता. कळंबोलीहून रिक्षेनं पोचेपर्यंत डब्यातली आमटी गरम राहील एवढंच अंतर. लेकीनं हाक मारली की आई हजर, आईचा गुडघा धरला की लेक हजर, शिवाय रविवारी जावयाच्या निमित्तानं घरात मटण. साताऱ्याकडची दोन स्थळं तिनं याच हिशेबानं परतवली होती. मुलं वाईट नव्हती, लांब होती.

खांदेश्वरच्या इंद्रजितचं स्थळ मात्र हातचं घालवायचं नव्हतं. मुलीचा स्वभाव विचारला तर 'मनमिळाऊ' म्हणायचं तिनं ठरवलं, तर वरच्या मजल्यावरच्या सलिमाभाभीनं नाक मुरडलं. तीन सुना पारखून आणलेली बाई ती.

"मनमिळाऊ म्हणजे सगळ्यांशी बोलणारी. बोलणारी सून कुणाला पायजे? अ‍ॅडजस्टिंग सांग."

"म्हंजे वो काय?" शालनच्या नवऱ्यानं, हौसेरावांनी विचारलं. लोखंड बाजारात माथाडी होते ते.

"जिथं ठेवाल तिथं मावते ती."

"मग ट्रकात भरायला बरी!"

नवऱ्याच्या चेष्टेकडे शालननं लक्ष दिलं नाही. बैठकीत विहीणबाईंनी विचारायचा अवकाश, तिनं सांगून टाकलं, "एकदम अ‍ॅडजस्टिंग." चहाचा ट्रे धरलेल्या प्रियदर्शिनीनं आईकडे डोळे मोठे करून पाहिलं. पंखा कितीवर ठेवायचा यावरून बापाशी भांडणारी पोर ती.

लग्न झालं. रविवारी सासरी पाहुणे असायचे. लेक फोनवर "पुढच्या रविवारी नक्की" म्हणायची, आणि शालन तेवढ्यावर आठवडा काढायची. मग आषाढ आला. नव्या सुनेनं आखाडात माहेरी जायचं, ही दोन्ही घरांची रीत. शालननं कापण्या तळल्या, लेकीची गादी उन्हात घातली आणि तिला आणायला गेली.

"आखाड?" विहीणबाई हसल्या. "अवो, लांबच्यांचं असतं ते. आमची मोठी सून अजून दरवर्षी जाते साताऱ्याला. तुमची काय, गॅलरीतून हाक मारली तर ऐकू येईल. आणि दोघी गेल्यावर घर कोण बघणार?"

"पण पयलाच आखाड हाय तिचा."

"मोठीच्या आईनं बैठकीतच बजावलं होतं, आमची तापट आहे, आखाडाला अडवली तर भांडी आपटेल. तुम्हीच म्हणालात ना, अ‍ॅडजस्टिंग?"

"ते स्थळ जाऊ नये म्हणून बोलले वो मी! लई हट्टी हाय पोर माझी. दोन दिवस तरी लावून द्या."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. शालन दाराकडे बघत राहिली. आता ही येणार, पदर खोचून भांडणार. भांडावंच तिनं!

प्रियदर्शिनी बाहेर आली. आईच्या हातातली कापण्यांची पिशवी तिनं अलगद घेतली.

"असू दे गं आई. करते मी अ‍ॅडजस्ट."

आवाज इतका गोड, की शालनला तो ओळखीचाच वाटेना.

त्या आषाढात मोठीला महिनाभर माहेर मिळालं, विहीणबाईंना दोन्ही वेळचं गरम ताट, आणि इंद्रजितला घरात शांतता. शब्द सुचवणाऱ्या सलिमाभाभीचं काही गेलं नाही. बोलली होती शालन. तिचं ते बोलणं खरं करून दाखवायला लेक उभी राहिली, आणि हाकेच्या अंतरावरच्या लेकीवाचून दिवस काढायला शालन.