मिराबाईचा कोड

मिराबाई वारली, पण तिचा आवाज अमरसिंगच्या मोबाइलमध्ये राहिला. मुलगी सासरी निघते तेव्हा बंजारा तांड्यावरच्या बाया रडत ढावलो म्हणतात. तो तिने हिंगोलीला विश्वंभरच्या स्टुडिओत गायला होता. गाणं संपल्यावर तिने विचारलं होतं, "झालं का?" विश्वंभर तेवढं कापायला विसरला. अमरसिंग रोज सकाळी ओट्यावर बसून गाण्यांच्या ॲपवर ते ऐकायचा, शेवटी "झालं" म्हणायचा आणि मगच चहाला हात लावायचा.

यंदा त्यांच्या मुलीने, मिनाने, तोच ढावलो आपल्या आवाजात रेकॉर्ड केला. नंतर एका सकाळी अमरसिंगने नेहमीसारखं गाणं लावलं. नाव मिराबाईचं होतं, आवाज मिनाचा निघाला. गाणं संपलं तरी तो मोबाइल कानाशी धरून बसून राहिला.

"चहा घ्या की, बा. काहून थांबले?" मिनाने विचारलं.

"तिनं इचारलं न्हाई अजून."

दुसऱ्या दिवशीही तेच. चहावर साय धरली. तिसऱ्या दिवशी मिना दाराआड उभी राहिली आणि गाणं संपताच आईचा आवाज काढून म्हणाली, "झालं का?"

"झालं," अमरसिंग मागे न वळता म्हणाला, आणि चहा प्यायला.

 मिना मिळेल त्या एसटीने हिंगोलीला गेली.

विश्वंभरने दोन्ही गाण्यांच्या नोंदी उघडल्या आणि कपाळाला हात लावला. "माझीच चूक, मिनाताई. गाणं तेच म्हणून ॲपवर चढवताना आईचा जुनाच कोड टाकला. वाटलं, आईचे ऐकणारे तुमच्याकडं येतील."

"ऐकणारे आले, भाऊ. आई गेली."

"कोड गाण्याला नसतो, रेकॉर्डिंगला असतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "त्यात देश, कोड घेणारा, साल, नंबर असं सगळं असतं. तेच गाणं त्याच बाईनं पुन्हा गायलं तरी नवा कोड लागतो. इथं एका कोडवर दोन रेकॉर्डिंगं गेली. ॲपनं तुमचं ठेवलं, आईचं झाकलं."

"मग काढा मला तिथून."

"काढतो. आईची मूळ फाइल आहे माझ्याकडं. तुमच्या रेकॉर्डिंगला नवा कोड देतो, जुन्यावर आईला परत बसवतो. पण थोडे दिवस जातील."

तोवर मिना रोज सकाळी दाराआड उभी राहिली. रोज विचारलं, रोज उत्तर आलं. हळूहळू तिला आवाज बदलावा लागेना.

मग एका सकाळी पहिल्याच ओळीला तिने ओळखलं. आई गात होती. मिनाने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. गाणं संपलं.

"झालं का?" मोबाइलमधून मिराबाईने विचारलं.

अमरसिंगने चहाला हात लावला नाही. त्याने मोबाइल खाली ठेवला, दाराकडे तोंड केलं आणि तिथून प्रश्न येण्याची वाट पाहू लागला.