पाहुण्यांसाठीचं पाणी

थोरलीच्या स्वयंपाकघरात पाण्याची दोन भांडी होती. दाराशी विहिरीच्या पाण्याचा हांडा, आणि आत कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ. माठातलं पाणी टेकडीपलीकडच्या झऱ्याचं. पहाटे उठून देवाचं नाव घेत ती चढ चढायची, करंगळीएवढ्या धारेखाली कळशी भरेपर्यंत बसून राहायची आणि मग जपून उतरायची. ते पाणी एकट्या धाकट्या दिराचं. तिने स्वतः त्याला कधी तोंड लावलं नाही. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण ते व्रतच होतं तिचं.

विहिरीचं पाणी मचूळ. त्यानेच मूत्रपिंडं निकामी होऊन तिचा नवरा गेला होता. आता दिराच्या पावलांवर तीच सूज दिसायला लागली होती. दीर म्हणजे नात्याने दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो तिच्या पदराला धरून चालायचा. नर्सबाईने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "औषध मी देत राहीन. पण विहिरीचं पाणी पोटात गेलं, तर सगळं पालथ्या घड्यावर पाणी." आणि झरा तर दरवर्षी बारीक होत चालला होता.

पाणी शुद्ध करायचं यंत्र सरकारकडे होतं. पण पाणीखातं म्हणे आधी वीज आणा, वीजवाले म्हणत आधी पक्का रस्ता आणा, आणि रस्तेवाले विचारत, एवढ्याशा वस्तीला रस्ता कशाला? एकाचा पायपोस एकाच्या पायात नाही. मग लहान वस्त्यांसाठी नवी योजना निघाली: सगळ्या खात्यांनी एकाच गाडीतून यायचं, एकत्र बघायचं, एकत्र ठरवायचं. हे जुळवून आणायला एक अधिकारी नेमला होता. माणूस सालस. वस्तीने त्याचं नाव जोडसाहेब ठेवलं.

"सगळ्या खात्यांना एका गाडीत बसवणं म्हणजे बेडकांची पंचेरी हो," तो हसून म्हणाला होता. "एक पारड्यात टाकला की दुसरा बाहेर. पण मी आणतो."

आणि खरंच आणले त्याने. भर उन्हात, ठरल्यापेक्षा उशिरा गाडी आली. थोरलीचं घर कच्च्या रस्त्याला लागून, म्हणून सगळे तिच्याच ओट्यावर टेकले. घामाघूम, तोंडं सुकलेली. ती आत आली आणि हांड्यापाशी थबकली.

"वहिनी, बघत काय बसलात?" खाटेवरून दीर म्हणाला. "माठातलं द्या त्यांना."

"आणि भाऊजी, तुम्ही?"

"एक दिवस विहिरीचं प्यायलो तर काही मरत नाही मी. मचूळ पाणी पुढे केलंत तर वस्तीचं नाक कापलं जाईल."

तिलाही ते पटलं. आपल्या भल्यासाठी एवढ्या लांबून माणसं आली, त्यांच्या हातावर मचूळ पाणी कसं ठेवायचं? तिने तांबे घासून लख्ख केले आणि माठातून भरले.

"वा! पाणी आहे की अमृत!" रस्त्याचा इंजिनिअर म्हणाला. "आणि वस्तीच्या अर्जात तर लिहिलंय की तोंडात धरवत नाही."

"साहेब, लोक थोडं वाढवून सांगतातच," वीजवाला म्हणाला. सगळे हसले. पाहुणे हसले म्हणून थोरलीही हसली.

प्रयोगशाळेच्या बाईंनी पिशवीतून एक बाटली काढली. "काकू, घरात पितात तेच पाणी ना हे? एवढी भरून द्याल?"

वाटेत तहान लागेल बिचारीला, असं वाटून थोरलीने माठाच्या तळाशी उरलेलं पाणी बाटलीत काठोकाठ ओतलं आणि बाहेरून पदराने पुसून दिली. बाईंनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. थोरलीला वाटलं, नाव घातलं असेल, बाटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून.

विहीर उताराखाली. पाणीखात्याला वाटलं प्रयोगशाळेने बघितली असेल, प्रयोगशाळेला वाटलं पाणीखात्याने. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला; उजेडात पुढची वस्ती गाठायची होती. जोडसाहेबाने जाताना थोरलीला हात जोडले. "आज पहिल्यांदा सगळे एका वेळी एका जागी होते, ताई. माझं काम झालं."

निकाल नर्सबाईने आणला. पाणी उत्तम, यंत्राची गरज नाही. यंत्र दुसऱ्या वस्तीला गेलं. ऐकता ऐकता थोरलीच्या डोळ्यांपुढे ती बाटली आली.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्याचा कॅन घेऊन ती बसने शहरात गेली. जोडसाहेबाच्या टेबलावर पेला ठेवला आणि भरला. "प्या साहेब."

त्याने घोट घेतला. थुंकायला जागा नव्हती, म्हणून कसाबसा गिळला. मग तिने सगळं सांगितलं.

"ताई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासाला प्रयोगशाळा विचारत नाही. नमुना त्यांच्याच माणसाने घ्यावा लागतो."

"मग त्या बाईंना पाठवा. मी स्वतः विहिरीवर नेते."

"एकट्या बाई येऊ शकत नाहीत. आता सगळी खाती एकत्रच जातात, एकत्रच सही करतात." त्याचा आवाज खाली गेला. "हा नियम मीच करून घेतलाय. पुन्हा सगळ्यांना गोळा करायचं, तर ही फेरी संपून पुढची सुरू व्हायला हवी. आणि वस्त्यांची ही फेरी अजून वर्षभर चालेल."

"वर्षभर?" थोरली म्हणाली. "भाऊजींपाशी तेवढे दिवस नाहीत हो, साहेब."

त्याने पेला बाजूला सरकवला. तिने कॅनचं झाकण लावलं. जड होता, पण तिथे ओतून यायचं तिच्या मनाला पटेना. आली तशीच घेऊन परतली.

उन्हाळा सरत आला तेव्हा झऱ्याची धार तुटली. थोरली तरीही पहाटे जायची, ओल्या दगडाखाली कळशी धरून बसायची, आणि देवाला काही मागायचं तिचं धाडस होत नसे. माठ उपडा पडला. दिराच्या चेहऱ्यावरही सूज चढली. तो आता हांड्यातलंच पाणी प्यायचा.

अशाच एका दुपारी सरकारी पेंटर आला. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून थोरलीच्या घराच्या भिंतीवर त्याने निळ्या रंगात मोठी अक्षरं काढायला घेतली: येथील पाणी पिण्यास योग्य आहे.

अर्ध्यावर त्याने हाक मारली. "मावशी, घसा कोरडा पडलाय. घोटभर पाणी देता?"

थोरली आत गेली. उपड्या माठाकडे तिने एकदा बघितलं. मग हांड्यातून तांब्या भरला. कुणाही पाहुण्याला तिने असं पाणी आजवर दिलं नव्हतं.

पेंटरने तोंडात घेतलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि वळून चूळ टाकली. तिच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग तांब्या ओट्यावर ठेवून ब्रश उचलला आणि उरलेली अक्षरं पुरी केली. त्याला तेवढंच काम नेमून दिलेलं होतं.

"कसं दिसतंय?" त्याने ओशाळून विचारलं.

"अक्षर वळणदार आहे," खाटेवरून दीर म्हणाला. "वहिनी, तांब्यात उरलंय ते द्या इकडे. वाया कशाला घालवायचं?"