समुद्राकडचं फाटक

मी एक जुनं लाकडी फाटक आहे. गावातली शेवटची गल्ली उतरत उतरत जिथे वाळूला टेकते, तिथे मी उभं आहे. माझ्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला समुद्र. दोघांचंही मीठ मी खाल्लंय. म्हणून माझी कहाणी खारट लागली, तर मित्रांनो, दोष माझ्या जिभेला देऊ नका.

गेन्जिरो सुताराने मला मोडक्या होडीघराच्या फळ्यांतून घडवलं. वादळात लाटा आणि वाळू गल्लीत शिरू नयेत, एवढंच माझं काम. एका फळीतली गाठ गळून पडली आणि भोक राहिलं. लोक म्हणाले, "बुजव की!" तो म्हणाला, "असू दे. वादळ सरलं का, हे बघायला कुणीतरी डोळा लावेलच." त्याने मला दोन्हीकडून सरकणारी खिट्टी दिली. कुलूप दिलं नाही. समुद्राला कुलूप घालावं, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

उन्हाळ्यात परगावचे लोक पोहायला येत. ते परतले, की किनारा पुन्हा आमचा होई. थंडीत बायका शेवाळ वेचायला माझ्यातून जात. पण माझा खरा सण शरदातला. दिवस आणि रात्र समसमान होतात, सूर्य नेमका पश्चिमेला बुडतो आणि पश्चिमेलाच अमिद बुद्धाचा सुखलोक, गेलेली माणसं पोचतात तो. त्या संध्याकाळी सारं गाव वाळूवर बसे आणि मठातले बुवा गात गात प्रवचन सांगत. काय तो गळा! "होडी बुडते, होडीवाला बुडतो, नाम घेतलेला मात्र पैलतीराला लागतो!" लाटा जणू टाळ धरत. मी लाकूड खरं, पण माझ्याही बिजागऱ्या ओलावत.

हात्सुएआजींचा नवरा योसाकु होडी घेऊन समुद्रात म्हाकूळ पकडायला गेला, तो परतलाच नाही. थडग्यात त्याची चिलीम तेवढी पुरली आहे. आजी म्हणत, "चिलमीला काय कान असतात? हे तर तिकडे, पाण्यात आहेत." प्रवचन संपलं, की त्या लाटेजवळ जात, गोड सारणात घोळवलेला भाताचा लाडू ठेवत, छोटी घंटा वाजवत आणि म्हणत, "जेवून घ्या हो. यंदा साखर जरा जास्तच पडलीय."

मग एका शरदात, हंगाम सरल्यावर, परगावचा एक तरुण पाण्यात उतरला आणि बुडाला. गाव हादरलं. मुखिया मोरिओने बैठकीत ठराव मांडला: पोहण्याचा हंगाम संपला, की फाटकाला कुलूप. आमच्या गावची एक रीत आहे. बैठकीत सगळ्यांचे हात एकदम वर जातात. खाली राहिलेला हात म्हणजे मुखियाचा अपमान. सगळ्यांनी हात वर केले. हात्सुएआजींनीही केला.

आणि तो समसमान दिवस आला. माझ्या गळ्यात साखळी होती. प्रवचन सभागृहात ठेवलं होतं.

"चल गं, तिथे पंखाही आहे," शेजारची फुमिनो माझ्यापाशी थांबलेल्या हात्सुएआजींना म्हणाली.

"तिथल्या पश्चिमेच्या भिंतीला काय आहे?"

"चपलांचं कपाट."

"म्हणजे चपलांना हात जोडू?"

फुमिनो हसली.

तेवढ्यात मोरिओ आला. "आजी, मलाही वाईट वाटतं. पण तुम्हाला उघडलं, की सगळ्यांना उघडावं लागेल."

"मग उघड की सगळ्यांना! पोहायला कोण मेलं चाललंय?"

"हात तुम्हीही वर केला होतात."

"मला वाटलं, ते बाहेरच्यांसाठी आहे."

"सगळ्यांना तसंच वाटलं, आजी."

तो कंबरेत वाकला, माफी मागितली आणि किल्ली खिशात घालून निघून गेला. मित्रांनो, इतक्या अदबीने लावलेल्या कुलपाला शिवीसुद्धा देता येत नाही.

आजींनी भोकाला डोळा लावला. सूर्य बुडेपर्यंत हलल्या नाहीत. मग लाडू चुरून त्याच भोकातून पलीकडे ढकलला. तो माझ्या पायाशी पडला. लाट फार लांब होती. कावळ्याने तो खाल्ला. आजींनी घंटा वाजवली आणि विचारलं, "जेवलात ना?"

पुढच्या वसंतात मला रंग लागला. भोक चांगलं दिसत नाही, म्हणून बुजवलं. शरदात आजी एकट्याच आल्या. बोटांनी फळी चाचपत राहिल्या. "तुझाही डोळा फोडला का रे मेल्यांनी?" त्यांनी लाडू गावाच्या बाजूला, माझ्या पायाशी ठेवला. या खेपेला घंटा वाजवली नाही. माझ्या पाठीमागे सूर्य बरोब्बर पश्चिमेला बुडत होता. तो पाहणारं मी एकटंच.

उन्हाळ्यात साखळी निघते. परगावचे लोक "किती सुंदर जुनं फाटक!" म्हणत माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात.

मित्रांनो, मला नवा रंग नको. तुमच्याही गावात कधी बैठक भरेल, कुलपाची गोष्ट निघेल, सगळ्यांचे हात वर जातील. तेव्हा एक हात खाली ठेवा. मुखियाला राग येईल, येऊ द्या. मी लाकूड आहे, मला कुणी उघडल्याशिवाय उघडता येत नाही. तुम्ही तर माणसं आहात.